रात्रीचा आखाडा, लॅपटॉप आणि तुडतुडे: लिनक्सवर स्क्रीन पिवळी कशानं करावी?

आखाड्यावरचा:
राम राम मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण आधी परिस्थिती सांगतो. नाहीतर "सेटिंगमध्ये जा अन् नाईट लाईट चालू करा" असं उत्तर येईल आणि ते बटणच माझ्याकडं नाही.

पाथरी तालुक्यात आमचं शेत. औंदा गहू आणि हरभरा आहे. या आठवड्यात थ्री फेज रात्रीची. मोटर चालू करायची, दारं धरायचं, वाफा भरला की पुढचं दार मोडायचं. एक वाफा भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मी आखाड्यावर (म्हणजे शेतातल्या खोपीवर) बसून लग्नपत्रिका करतो. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांचं काम सुरू, अन् रब्बीचं पाणीही नेमकं तेव्हाच. इंकस्केपमध्ये डिझाईन करायचं, पीडीएफ काढायची, तालुक्याच्या प्रेसला पाठवायची. (युनिकोड फाँट तसाच पाठवला की तिकडं "श्री" फुटतो, म्हणून सगळी अक्षरं आधी रेघांत बदलून देतो. हे दुखणं वेगळं, त्यावर कधीतरी वेगळा धागा काढीन.)

लॅपटॉप सेकंडहँड. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, लिनक्स मिंट २१.३, त्यातला हलका एक्सएफसीई डेस्कटॉप. याच्यावर विंडोज होतं तेव्हा पत्रिका उघडेपर्यंत वाफा फुटून पाणी बांधावर जायचं.

आता अडचण. इंकस्केपचं पान पांढरंफेक. त्याच्याकडं वीस मिनिटं बघून वावरात उतरलो की काहीच दिसत नाही. परवा वरंब्यावर घोणस होती. कपाळाला बॅटरी बांधलेली होती, तरी डोळ्यांपुढं स्क्रीनचा पांढरा चौकोनच नाचत होता. चार पावलांवर आल्यावर दिसली. घरी सांगितलं नाही.

दुसरी अडचण म्हणजे तुडतुडे. दिवाळीपासून जे सुटलेत ते स्क्रीनवर हिरवी रांगोळी काढतात. एकदा एक तुडतुडा अनुस्वार समजून मी खोडायला गेलो.

म्हणून स्क्रीन पिवळी-तांबडी करायचीय. मिंटमध्ये रेडशिफ्ट नावाचं आधीपासून आहे. ते चालू केलं तर "लोकेशन मिळायची वाट बघतोय" असं म्हणतं अन् तासभर वाटच बघत बसतं. नेटवर शोधलं तर एफ.लक्स, गॅमास्टेप, एससीटी, आयरिस, क्यूरेडशिफ्ट अशी ढीगभर नावं निघाली. कोणतं घ्यावं? हलकं पाहिजे. अन् मला सूर्यास्ताला आपोआप पिवळं होणारं नकोय. माझी रात्र लाईट आल्यावर सुरू होते. कधी दहाला, कधी बाराला.

टर्मिनलवाला_नांदेड:
भाऊ, नावांच्या ढिगात शिरण्याआधी एकच गोष्ट बघायची: तुमचं सत्र एक्स ११ वर आहे की वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या मांडणाऱ्या या दोन व्यवस्था, पहिली जुनी, दुसरी नवी). निम्मी नावं तिथंच गळतात. मिंट २१.३ एक्सएफसीई म्हणजे एक्स ११, त्यामुळं तुमचं काम सोपं आहे.

ही सगळी मंडळी शेवटी एकच काम करतात. ग्राफिक्स कार्डात लाल, हिरवा, निळा या तिघांसाठी एकेक तक्ता असतो, त्याला गॅमा रॅम्प म्हणतात. त्यात निळा जास्त दाबायचा, हिरवा थोडा, लाल तसाच ठेवायचा. झाली स्क्रीन पिवळी. रॅम आणि प्रोसेसरवर भार जवळपास शून्य, म्हणून हलकं-जड हा प्रश्नच सोडा. एक्स ११ मध्ये कोणताही प्रोग्रॅम त्या तक्त्याला हात लावू शकतो. वेलँडमध्ये ते काम डेस्कटॉपनं स्वतःकडं ठेवलंय. म्हणून रेडशिफ्ट वेलँडवर चालत नाही. ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांत त्यांचंच आतलं बटण वापरावं लागतं. गॅमास्टेप हे रेडशिफ्टचंच भावंड, ते वेलँडवर स्वे वगैरे डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी. क्यूरेडशिफ्ट हे सिनॅमन डेस्कटॉपचं ॲपलेट, तुमच्या कामाचं नाही. एफ.लक्स या सगळ्यांत जुनं, पण त्याचा लिनक्सवरचा भाग बंदिस्त आहे, सोर्स मिळत नाही. आयरिस विकतचं.

आता तुमचं लोकेशन. रेडशिफ्ट ते जिओक्लू नावाच्या सेवेला विचारतं, आणि ती आजूबाजूच्या वायफायवरून जागा ओळखायला मोझिलाच्या लोकेशन सेवेला विचारायची. मोझिलानं ती सेवा २०२४ मध्ये बंद केली. तेव्हापासून कितीतरी जणांचं रेडशिफ्ट असंच दारात उभं आहे. (तसंही तुमच्या आखाड्याच्या आजूबाजूला वायफाय कुठून आणणार!) उपाय म्हणजे जागा हातानं द्यायची. होममध्ये डॉट-कॉन्फिग फोल्डर आहे, त्यात रेडशिफ्ट डॉट कॉन्फ नावाची फाईल करा. लोकेशन प्रोव्हायडरपुढं मॅन्युअल लिहा आणि खालच्या मॅन्युअल विभागात अक्षांश १९.२५, रेखांश ७६.४५. पाथरीसाठी एवढं पुरे, सर्व्हे नंबर लागत नाही.

मग सूर्य क्षितिजाच्या वर ३ अंशांवर आला की रंग बदलायला लागतो आणि खाली ६ अंशांवर गेला की बदल पूर्ण होतो. आपल्याकडं याला साधारण ४० मिनिटं लागतात. काही सांगितलं नाही तर दिवसा ६५०० केल्विन, रात्री ४५०० (आकडा जितका कमी, तितकी स्क्रीन तांबडी).

पण तुम्हाला सूर्यास्त नकोच म्हणता. मग फाईलही नको. टर्मिनलमध्ये रेडशिफ्ट, एक जागा, डॅश आणि कॅपिटल ओ, पुन्हा जागा, आणि आकडा, समजा ३४००. एकदा रंग लावून प्रोग्रॅम निघून जातो, लोकेशन विचारतच नाही. परत पांढरं करायला डॅश आणि लहान एक्स. हे दोन्ही एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये ॲप्लिकेशन शॉर्टकट म्हणून टाका.

फेडोरा_पोरगा:
एवढं कशाला? ग्नोम टाका. २०१७ पासून, ३.२४ आवृत्तीपासून नाईट लाईट आतच आहे. वेळही हातानं ठरवता येते. मिंटच सोडायचं नसेल तर २२.१ च्या सिनॅमनमध्येही आता आतच आलंय.

आखाड्यावरचा:
पोरा, ४ जीबीत ग्नोम अन् इंकस्केप दोघं बसले की मला बसायला जागा राहत नाही. तरी धन्यवाद.

नांदेडकर भाऊ, तुमचं करून बघितलं. सुपर (विंडोजच्या खुणेचं बटण) आणि एफ-नाईनवर ३४०० ठेवलं. पहिल्या दाबाला झकास. मग घोळ झाला. अंधारात बटण लागलं की नाही कळेना म्हणून मी आणखी दोनदा दाबलं. स्क्रीन आधी नारंगी, मग विटकरीच्या भट्टीवानी लाल. नवरीचं नाव दिसेना. वाटलं पॅनल गेलं. तेवढ्यात तिकडं वाफा भरला, तसंच झाकण लावून पळालो.

टर्मिनलवाला_नांदेड:
चूक माझी, सांगायला पाहिजे होतं. रेडशिफ्ट १.१२ मध्ये डॅश कॅपिटल ओ पुन्हा पुन्हा चालवलं की आधीच्या रंगावर नवा रंग चढतो. चहात साखर घातली की नाही आठवत नाही म्हणून परत घालावी, तसं. त्याच्याआधी डॅश आणि कॅपिटल पी टाका. त्यानं जुना तक्ता पुसून मग नवा लागतो. मग शंभरदा दाबा, ३४०० म्हणजे ३४००च.

हेच नको असेल तर एससीटी. ओपनबीएसडी या लिनक्ससारख्याच मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवाल्या टेड उनांगस्ट यांनी लिहिलेला इवलासा सी प्रोग्रॅम. एक्सएससीटी हे त्याचंच पुढं वाढवलेलं रूप. तो आधी काय लावलंय ते बघत नाही, दिलेला आकडा सरळ लावतो. पण रेडशिफ्ट तुमच्याकडं आहेच, मी तरी नवीन काही टाकलं नसतं.

आणि एक. कोपऱ्यात रेडशिफ्टचं बल्बचं चिन्ह दिसत असेल तर ते बंद करा, स्टार्टअपमधूनही काढा. ते दर पाच सेकंदांनी आपला रंग पुन्हा लावतं. तुम्ही बटणानं एक म्हणणार, ते दुसरं म्हणणार, आणि स्क्रीन लुकलुकणार.

रेघोटी_लातूर:
मी फ्लेक्स आणि पत्रिकाच करते, म्हणून मध्ये बोलते. दादा, पिवळ्या स्क्रीनवर रंग निवडू नका. अक्षरं जुळवा, ओळी सरका, नावं तपासा, "किलबिल"मधली लेकरं राहिली का बघा. रंग मात्र ६५०० वरच.

फाईलला काही होत नाही, ते खरं. स्क्रीनशॉट काढला तरी तो पांढराच येतो, कारण रंग कार्डातून बाहेर पडताना बदलतो, चित्रात नाही. बिघडतो तो आपला अंदाज.

आखाड्यावरचा:
ताई, उशीर केला तुम्ही. मागच्या गुरुवारी एका पार्टीला फिकट आकाशी मागणी होती. रात्री दीडला मला ती राखाडी दिसली, म्हणून निळा वाढवला. तरी फिकी दिसली. आणखी वाढवला. प्रेसमधून आली ती निळीभोर, शाईची दौत सांडल्यासारखी. नशीब की आधी एकच नमुना काढला होता. प्रेसवाला म्हणला, "हे लग्न आहे का एकतीस डिसेंबर?"

रेघोटी_लातूर:
😄 निळा दाबलेल्या स्क्रीनवर निळा बघायला गेलं की हेच होणार. उलटंही होतं. फिकट पिवळी पार्श्वभूमी अशा स्क्रीनवर पांढरीच वाटते, आणि हळदीच्या पत्रिकेत ते जास्त अंगलट येतं. मी तर रंगांचे आकडेच ठरवून ठेवलेत. कुंकू, हळद, आकाशी, मोरपंखी, प्रत्येकाचा कोड वहीत. रात्री वहीतला कोड टाकते, डोळ्यांना विचारत नाही.

विज्ञानकाका_उदगीर:
मी शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. संगणक नातवाचा आहे, लिनक्समधलं मला फारसं कळत नाही. पण या प्रश्नात संगणकापेक्षा डोळा आणि किडा जास्त आहेत, म्हणून लिहितो.

आधी केल्विन. आकडा कमी तर रंग तांबडा, आकडा जास्त तर निळसर, हे मुलांना नेहमी उलटं वाटायचं. मी त्यांना लोहाराकडं पाठवायचो. फाळ भट्टीत घातला की आधी लाल होतो, आणखी तापला की पिवळा, मग पांढरट. तापमान वाढेल तसा रंग लालाकडून पांढऱ्याकडं. मेणबत्ती १९०० च्या आसपास, जुना तारेचा बल्ब २७००, भर दुपारचा उजेड साडेपाच-सहा हजार.

आता घोणशीचं. आपल्या डोळ्यात अंधारात बघणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, त्यांना दंडपेशी म्हणतात. उजेडानं त्यांच्यातलं रंगद्रव्य विरून जातं आणि ते पुन्हा पुरतं भरायला वीस-तीस मिनिटं लागतात. बाळा, तुझा वाफा तेवढ्यातच भरतो! म्हणजे डोळे अंधाराला सरावेपर्यंत तू परत स्क्रीनपुढं. दंडपेशींना निळा-हिरवा उजेड फार लागतो, गडद लाल जवळपास लागतच नाही. आकाशातले तारे बघणारे लोक लाल बॅटरी वापरतात ते याचमुळं. म्हणून तुझी कल्पना बरोबर आहे. फक्त ३४०० वर थांबू नकोस, अजून खाली जा. आणि रंगापेक्षा आधी उजेड कमी कर. पिवळा पण झगझगीत पडदा डोळे दिपवणारच.

झोपेसाठी मात्र हे करत असशील तर फार आशा नको. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये आयफोनच्या अशाच सोयीचा अभ्यास छापला. ती चालू ठेवून झोपणाऱ्यांच्या झोपेत काही खास फरक आढळला नव्हता.

तुडतुड्यांचं सांगतो. किड्यांना जांभळा-निळा उजेड जास्त खेचतो, पिवळा-लाल कमी. स्क्रीन तांबडी केलीस तर कमी येतील, पण अंधारात तो एकच दिवा असेल तर थोडे येणारच. तू शेतकरी आहेस, हुमणीसाठी प्रकाश सापळा लावला असशील. तेच कर. आखाड्यापासून लांब एक पांढरा बल्ब, खाली घमेल्यात पाणी आणि थोडं रॉकेल. त्यांना तिकडं जाऊ दे.

आखाड्यावरचा:
काका, पाया पडतो. झोपेचा विषयच नाही, झोप मला बसल्या बसल्या लागते. सापळ्याचं डोक्यातच आलं नाही बघा. जूनमध्ये बाभळीखाली लावतो अन् नोव्हेंबरात स्वतःच सापळा होऊन बसतो.

उजेड कमी करायचा तर रेडशिफ्टनंच करू का? त्याच्यात ब्राईटनेसचाही आकडा दिसतोय.

टर्मिनलवाला_नांदेड:
त्याच्यानं नको. तो आकडा त्याच तक्त्यातून रंग काळपट करतो, मागचा दिवा तेवढाच जळत राहतो. बॅटरी वाचत नाही, वर काळं आणि गडद राखाडी एकात एक मिसळतं. आधी एफएनच्या बटणानं मागचा दिवाच खाली आणा. तो सगळ्यात खाली आणूनही जास्त वाटला तरच रेडशिफ्टचा आकडा ०.७ वगैरे. एक बघून घ्या: काही जुन्या पॅनलचा दिवा कमी केला की तो भराभर चालू-बंद होतो. डोळ्याला कळत नाही पण डोकं धरतं. मोबाईलचा कॅमेरा स्क्रीनपुढं धरा. काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा एक-दोन घरं वर ठेवा.

जालना_गेमर:
याच धाग्यात विचारतो, माफ करा. माझ्याकडं एनव्हिडिया कार्ड, केडीई, वेलँड. नाईट कलर (केडीईचं स्क्रीन पिवळी करायचं बटण) चालू आहे असं दाखवतं पण स्क्रीन जशीच्या तशी.

टर्मिनलवाला_नांदेड:
ड्रायव्हर कितवा? एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरमध्ये वेलँडसाठी तो गॅमाचा तक्ता ५४५ पासून आला, २०२३ च्या शेवटी. त्याच्या आधीचा असेल तर बटण नुसतं शोभेचं.

जालना_गेमर:
५३५ आहे. कळलं.

आखाड्यावरचा:
चार रात्री वापरून लिहितोय.

नवीन काहीच टाकलं नाही. रेडशिफ्टचं बल्बचं चिन्ह काढून टाकलं अन् तीन बटणं केली. सुपर-एफ-नाईन म्हणजे ३४००, घरी संध्याकाळी वापरायला. सुपर-एफ-टेन म्हणजे १८००, आखाड्यावर. दोन्हीत कॅपिटल पी आहे. सुपर-एफ-एट म्हणजे लहान एक्स, पांढरं. मागचा दिवा खालून दुसऱ्या घरावर, कारण सगळ्यात खाली नेला की मोबाईलमध्ये पट्टे दिसले. भाऊनं सांगितलं नसतं तर डोकेदुखी थंडीवर ढकलली असती.

१८०० वर इंकस्केपचं पान तांब्याच्या परातीसारखं दिसतं. काळी अक्षरं स्वच्छ वाचता येतात. नांव, गोत्र, मुहूर्त, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं", सगळं जुळवता येतं. रंगाला हात लावत नाही. ताईसारखी वही केली, आकाशीचा कोड पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहिलाय.

वावरात उतरल्यावर आता बॅटरी न लावता वरंबा दिसतो. पुरता नाही, पण कुठं माती अन् कुठं पाणी चमकतंय एवढं कळतं. बॅटरी तरी लावतोच, घोणस काही केल्विन बघून येत नाही.

एक खोट आहे. झाकण लावून परत उघडलं की कधी कधी स्क्रीन पांढरी होऊन येते अन् थाडकन डोळ्यावर बसते. त्यावर मी इतकंच करतो की झाकण उघडताना डोळे मिटून आधी एफ-टेन दाबतो. याला नीट काही इलाज असला तर सांगा भाऊ, घाई नाही.

सापळ्याचा बल्ब डीपीच्या अंगाला, विहिरीपलीकडं लावलाय. सकाळी घमेलं हिरवंगार होतं. स्क्रीनवर रात्रीतून आठ-दहा येतात, तेवढे चालतात.

टर्मिनलवाला_नांदेड:
झाकणाचा इलाज आहे. सिस्टिमडीत (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणारा भाग) लॅपटॉप जागा झाल्यावर चालणारी छोटी स्क्रिप्ट टाकता येते. पण ती रूट म्हणून, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यातून चालते, तिला तुमचा डिस्प्ले कोणता ते सांगावं लागतं, त्यात जरा खटपट आहे. रविवारी निवांत लिहितो. तोवर डोळे मिटा.

आखाड्यावरचा:
रविवारपासून लाईट दिवसाची आहे, त्यामुळं पुढच्या आठवड्यात लागणारच नाही. तरी लिहून ठेवा, त्याच्या पुढच्याला लागंल. वाफा भरला, जातो.